दाभोळचा तंटा आणि लंडनचे पंच

माझे मामा गुहागरला असतात. वीज मंडळात वायरमन म्हणून त्यांनी सारी नोकरी काढली. त्यामुळे 'मंडळ' म्हटले की आपल्याला गणेशोत्सव, दिवाळीचा फराळ आणि वर्गणीची पावती आठवते, तर मामांना खांब, फ्यूज आणि थकलेली बिले आठवतात. २००३ साली मी डॉक्टरेट करायला ह्यूस्टनला निघालो. मामांनी माझ्या हातातला पत्त्याचा कागद वाचला आणि म्हणाले, "म्हणजे एन्रॉनच्या गावाला चाललास की! तिथं विचार बरं का, लंडनच्या पंचांनी शेवटी काय ठरवलं ते."

मी ह्यूस्टनला पोचलो तोवर एन्रॉन दिवाळखोरीत निघून दीड-दोन वर्षे झाली होती. बेसबॉलच्या मैदानावरचे त्यांचे नाव उतरवले गेले होते. स्मिथ स्ट्रीटवरची काचेची उंच इमारत तेवढी उभी होती. पुढे मी घर घेतले तेव्हा शेजारी एक म्हातारे गृहस्थ भेटले. एका बांधकाम-अभियांत्रिकी कंपनीतून ते निवृत्त झाले होते. माझे गाव रत्नागिरी जिल्ह्यात, हे कळताच ते एकदम म्हणाले, "दाभोळ!" (उच्चार अगदी स्वच्छ. आमच्या इथल्या मराठी मुलांनाही 'ळ' इतका जमत नाही.) आणि लगेच पुढचा प्रश्न: "तुमच्या सरकारने करार मोडला होता. लंडनमध्ये तुम्हाला किती दंड झाला?"

एका तंट्याच्या दोन बाजूंची ही दोन माणसे. दोघांची ठाम समजूत होती की न्याय आपल्या बाजूला आहे आणि लंडनमध्ये कोणीतरी तीन शहाण्या माणसांनी तो कागदावर लिहून ठेवला आहे. त्यांना उत्तर द्यावे म्हणून मी वाचायला लागलो. मी कायद्याचा माणूस नव्हे. माझे शिक्षण यंत्रांचे आणि पोट सॉफ्टवेअरवर. पण वाचता वाचता या विषयाने मला असे धरले की संपादकांनी पुरवणीसाठी लेख मागितला तेव्हा दुसरा विषय सुचेना. आपल्यापैकी पुष्कळांच्या नोकरीच्या करारात, क्रेडिट कार्डाच्या बारीक अक्षरांतसुद्धा, लवादाचे कलम असते. आपण सही करतो आणि पुढे जातो. दाभोळच्या करारावर सह्या करणारेही बहुधा तसेच पुढे गेले असावेत.

लवाद म्हणजे काय, हे मराठी माणसाला इंग्रजांकडून शिकावे लागले नाही. पेशवाई बुडाल्यावर माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये जिंकलेल्या मुलखाविषयी जो मोठा अहवाल लिहिला, त्यात आपल्या पंचायतीचे तपशीलवार वर्णन आहे. वादी-प्रतिवादी आधी राजीनामा लिहून देत. राजीनामा म्हणजे नोकरी सोडण्याचा नव्हे. पंच जे ठरवतील ते राजीखुशीने मान्य करू, असा तो कागद. आजच्या भाषेत तेच लवादाचे कलम. मग पंच बसत, साक्षी-पुरावे होत आणि निकालाचा कागद तयार होई, त्याला 'सारांश' म्हणत. जिंकणाऱ्याने सरकारला 'हरकी' द्यायची आणि हरणाऱ्याने 'गुन्हेगारी'. म्हणजे दोन्हीकडून सरकारची कमाई! आजच्या पॅरिस-लंडनच्या लवाद संस्थांची फी पाहिली की वाटते, पेशव्यांचे कारकून तसे स्वस्तच होते.

एल्फिन्स्टनला ही पद्धत आवडली होती, पण तिचे दोषही त्याने नोंदवले. पंचांना गोळा करणे कठीण, कामाला फार दिवस लागत, आणि मुख्य म्हणजे पंचांच्या हाती स्वतःची सत्ता काहीच नसे. निवाडा अमलात आणायचा तर मामलेदाराकडे किंवा त्याच्याही वर जावे लागे. वरचा अधिकारी उदासीन असला किंवा समोरचा पक्ष वजनदार असला, तर सारांश गुंडाळून ठेवायचा. म्हणून लोक 'तगाद्या'चा मार्ग धरत. देणेकऱ्याच्या दारात माणूस बसवायचा, त्याला जेवू द्यायचे नाही, बाहेर पडू द्यायचे नाही. हा तगादा मेलेला नाही. केर्न एनर्जी या ब्रिटिश कंपनीला २०२० च्या डिसेंबरात भारत सरकारविरुद्ध सव्वाशे कोटी डॉलरच्या आसपासचा निवाडा मिळाला. वसुली होईना, तेव्हा २०२१ मध्ये तिने पॅरिसमधल्या भारत सरकारच्या सदनिकांवर फ्रेंच न्यायालयाकडून टाच आणवली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये भारताने ज्या पूर्वलक्ष्यी करामुळे हे सगळे झाले तो कर मागे घेतला. दारात बसण्याचा परिणाम होतो, हे मराठी सावकाराला दोनशे वर्षांपूर्वीच ठाऊक होते.

इंग्रजी अमलात १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनने लवादाला कायद्याची चौकट दिली. पुढे १८७० च्या दशकात कोर्टकचेऱ्यांना कंटाळलेल्या लोकांसाठी पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या मंडळींनी, त्यात सार्वजनिक काका पुढे, लवाद कोर्टे काढली. पण हे सगळे एका राजाच्या राज्यातले. व्यापारी जेव्हा दोन देशांतले असतात तेव्हा अडचण वेगळी असते. मुंबईच्या न्यायालयाचा हुकूमनामा टेक्सासमध्ये सहजी चालत नाही आणि टेक्सासचा मुंबईत चालत नाही. शिवाय 'तुझ्या गावच्या न्यायाधीशापुढे मी का यावे?' हा दोन्हीकडचा प्रश्न. म्हणून तिसरे गाव शोधायचे आणि तिथे पंच बसवायचे. पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय व्यापार मंडळाने (हे आणखी एक मंडळ) १९२३ मध्ये आपले लवाद न्यायालय काढले ते यासाठी. आणि १९५८ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कला जो आंतरराष्ट्रीय करारनामा झाला, त्याने पंचांच्या कागदाला पासपोर्ट दिला. एका सभासद देशात झालेला निवाडा दुसऱ्या सभासद देशाच्या न्यायालयाने आपला समजून वसूल करून द्यायचा, नाकारायचा तर मोजक्याच कारणांसाठी. भारत यात १९६० मध्येच आला. आपली अमेरिका आली १९७० मध्ये. आज १७० हून अधिक देश त्यात आहेत.

मोजक्या कारणांतले एक कारण मात्र दार किलकिले ठेवणारे आहे: निवाडा त्या देशाच्या 'सार्वजनिक धोरणा'विरुद्ध असणे. या दारातून काय काय आत येते याचे भारतातले गाजलेले उदाहरण रेणुसागरचे. उत्तर प्रदेशातल्या या वीज कंपनीने १९६४ मध्ये जनरल इलेक्ट्रिककडून यंत्रसामग्री घेतली. हप्ते आणि व्याज यांवरून वाद झाला, तो १९८२ मध्ये लवादाकडे गेला, १९८६ मध्ये कंपनीविरुद्ध निवाडा झाला आणि तो वसूल करता येईल असे भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने अखेर म्हटले ते ऑक्टोबर १९९३ मध्ये. तेव्हा न्यायालयाने 'सार्वजनिक धोरण' या शब्दांचा अर्थ पुष्कळ आवळला, हे चांगलेच झाले. पण करारापासून एकोणतीस वर्षे! आणि गंमत पाहा, रेणुसागरचा निकाल लागल्यावर जेमतेम दोन महिन्यांनी, ८ डिसेंबर १९९३ रोजी, महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाने दाभोळच्या वीजखरेदी करारावर सही केली. भागीदारांत पुन्हा तीच जनरल इलेक्ट्रिक. परदेशी मंडळींना भारतीय न्यायालये का नको होती, हे समजायला यापेक्षा जास्त सांगायला नको.

ज्यांनी तो भाग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. दाभोळ हे वाशिष्ठीच्या मुखाशी उत्तरेला, दापोली तालुक्यात. प्रकल्प झाला तो दक्षिणेला, गुहागर तालुक्यात, अंजनवेल-वेलदूर-रानवीच्या बाजूला. म्हणजे ज्या गावाचे नाव जगभर झाले ते गाव खाडीच्या पलीकडे होते. मी शाळेत असताना चिपळूणहून एसटीने मामांकडे जायचो तेव्हा वाटेत भिंतीभिंतींवर 'एन्रॉन हटाव' रंगवलेले असे. एन्रॉन म्हणजे काय हे आम्हा पोरांना धड कळत नव्हते, पण ते हटवायचे असते हे पक्के माहीत होते.

१९९२ च्या जूनमध्ये मंडळाने एन्रॉन आणि जनरल इलेक्ट्रिक यांच्याशी प्राथमिक समझोता केला. जागतिक बँकेने १९९३ मध्ये या प्रकल्पाला पैसा द्यायचे नाकारले: फार मोठा आहे, आयात वायूची वीज फार महाग पडेल. तरीही करार झाला. दाभोळ पॉवर कंपनीत ८० टक्के एन्रॉनचे, १० टक्के जनरल इलेक्ट्रिकचे, १० टक्के बेक्टेलचे. राज्य सरकारने मंडळाच्या देण्याची हमी दिली आणि १९९४ मध्ये केंद्राने त्या हमीवर प्रतिहमी दिली. तंटा झाला तर लवाद लंडनला, संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार कायदा आयोगाच्या नियमांप्रमाणे.

१९९५ च्या निवडणुकीत एन्रॉन समुद्रात बुडवण्याच्या घोषणा झाल्या आणि युतीचे सरकार आले. ३ ऑगस्ट १९९५ रोजी मुख्यमंत्री मनोहर जोशी यांनी प्रकल्प रद्द केल्याचे जाहीर केले. दुसऱ्याच दिवशी कंपनीने लंडनला लवादाची नोटीस दिली. मागणी ३० कोटी डॉलरची. राज्य सरकारने उत्तरादाखल मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला की मूळ करारच फसवणुकीने झालेला आहे. जो करारच नाही त्यातले लवादाचे कलम कुठले?

हा मुद्दा वकिली वाटतो, पण आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना तो लगेच समजतो. प्रोग्रॅम कोसळला तर काय करायचे हे सांगणारा जो भाग असतो, तो मुख्य प्रोग्रॅम कोसळल्यावरही चालायला हवा. तो त्याच्याबरोबरच कोसळला तर त्याचा उपयोग काय? लवादाचे कलम असे स्वतंत्र धरायचे, करार रद्द ठरला तरी ते जिवंत राहते, हे तत्त्व जगभर मान्य आहे आणि भारताच्या १९९६ च्या लवाद कायद्यातही आले. पण १९९५ मध्ये त्याची कसोटी लागलीच नाही. एन्रॉनच्या रिबेका मार्क मुंबईत येऊन बाळासाहेब ठाकरे यांना भेटल्या, तज्ज्ञांचा गट नेमला गेला, फेरवाटाघाटी झाल्या आणि १९९६ मध्ये सुधारलेला करार झाला. समुद्रात बुडवायचा प्रकल्प दोन टप्पे मिळून २१८४ मेगावॉटचा झाला. लंडनचा लवाद आणि मुंबईचा दावा दोन्ही गुंडाळले गेले. लवादाच्या नोटिशीने तेव्हा काम केले ते तगाद्याचे. वाद कोणी सोडवला नाही, फक्त लोकांना पुन्हा टेबलाशी बसवले.

त्या टेबलाशी वेलदूरचे कोळी नव्हते. त्यांच्या खाडीचे आणि मासळीचे काय, हा प्रश्न करारातही नव्हता आणि लवादाच्या कलमातही नव्हता. लवाद सही करणाऱ्यांचा असतो, बाकीच्यांनी रस्त्यावर यायचे. ते आले. ३ जून १९९७ च्या पहाटे पोलिसांनी वेलदूरला धाड घालून बायकांना घराबाहेर ओढले. त्या काळातल्या अशा प्रकारांवर ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने १९९९ मध्ये मोठा अहवाल काढला. ह्यूस्टनच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून तो वाचताना एसटीच्या खिडकीतून दिसणारी ती गावे डोळ्यांपुढे आली. आम्ही बाहेरून जाणारे होतो, हे तेव्हा प्रथम जाणवले.

मे १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला, ७४० मेगावॉटचा, तूर्त नाफ्थ्यावर. आणि बिले येऊ लागली. या बिलांवरून जे रामायण झाले ते समजायला एक साधे उदाहरण देतो. आपण दिवाळीच्या कार्यक्रमाला हॉल घेतो. पाचशे माणसे येवोत की पन्नास, हॉलचे भाडे तेवढेच. पन्नास आली तर माणशी खर्च दहापट होतो. दाभोळचे स्थिर आकार असे होते. संच वीज द्यायला तयार आहे एवढे कंपनीने सांगितले की भाडे चालू, मंडळाने वीज घ्यावी किंवा न घ्यावी. मंडळाला ती महाग वाटे म्हणून ते कमी घेई, आणि कमी घेतल्यामुळे दर युनिटचा खर्च आणखी चढे. ७ रुपये ८० पैसे हा आकडा तेव्हा वर्तमानपत्रांतून गाजला, त्याच्या मागे हे गणित आहे. शिवाय पुष्कळसे हिशेब डॉलरमध्ये. करार झाला तेव्हा ३१ रुपयांच्या आसपास असलेला डॉलर २००१ मध्ये ४६ च्या वर गेला. मामा म्हणतात, मंडळाचा कणा मोडला. शेजारी म्हणतात, गणित करारात लिहिलेले होते आणि तुमच्या लोकांनी ते दोनदा वाचून दोनदा सही केली. दोघांचेही खरे आहे, पंचाईत आहे ती हीच.

आता मी या सगळ्या प्रकरणातल्या मला सर्वांत महत्त्वाच्या वाटणाऱ्या दिवसाकडे येतो. २८ जानेवारी २००१. राजकारणाच्या गदारोळात तो हरवला, पण यंत्रांच्या माणसाला तो विसरता येत नाही.

करारातल्या अटींप्रमाणे, मंडळाने मागणी केली की थंड पडलेला संच तीन तासांत पूर्ण क्षमतेला यायला हवा. त्या दिवशी मंडळाने मागणी केली आणि संच वेळेत तिथवर आला नाही, असे मंडळाचे म्हणणे. मग जो तीन तासांत येत नाही तो संच 'तयार आहे' असे सांगून तुम्ही भाडे कसे घेता? मंडळाने करारातल्याच सूत्राने ४०१ कोटी रुपयांचा दंड लावला आणि थकलेल्या बिलांत तो वळता करून घ्या, असे कळवले. कंपनीला दंड मान्य नव्हता. तिचे म्हणणे, आधी बिल भरा, मग काय वाद घालायचा तो घाला.

तीन तास हे प्रकरण काय आहे? अशा संचात आधी गॅस टर्बाइन चालतात. त्यांतून बाहेर पडणाऱ्या गरम वायूवर बॉयलरमध्ये वाफ होते आणि त्या वाफेवर दुसरी टर्बाइन चालते. गॅस टर्बाइन चपळ असते, मिनिटांत वेग घेते. वाफेची टर्बाइन मात्र भारदस्त. तिचा रोटर म्हणजे कित्येक टनांचे पोलाद. गरम वाफ लागली की बाहेरचा थर आधी तापून फुगतो, आतला गाभा थंडच असतो. घाई केली तर धातूवर ताण येतो, तडे जाऊ शकतात, फिरता भाग स्थिर भागाला घासू शकतो. म्हणून तिला हळूहळू ऊब द्यायची असते. थंडीत आपण गाडीचे इंजिन गरम होऊ देतो तसे, फक्त मिनिटांऐवजी तासांच्या हिशेबात. माझ्या डॉक्टरेटचा विषय याच्या शेजारपाजारचाच होता, म्हणून अधिकाराने सांगतो: थंड स्थितीतून तीन तासांत पूर्ण क्षमता ही कडक अट आहे. पण ती मान्य करून सही केली असेल तर ती पाळता यायला हवी.

हा प्रश्न किती नेटका आहे पाहा. मंडळाची मागणी किती वाजता गेली? कंट्रोल रूमच्या लॉगमध्ये दर पाच-दहा मिनिटांनी किती मेगावॉट नोंदले आहेत? रोटर तेव्हा किती थंड होता? करारात 'उपलब्ध' या शब्दाची व्याख्या काय? सूत्राने दंड किती होतो? दोन जाणते अभियंते आणि तीन पंच एका खोलीत बसवले तर माझ्या अंदाजाने काही आठवड्यांत उत्तर निघाले असते. लवाद ही पद्धत जन्माला आली ती अशाच प्रश्नांसाठी: धान्याचा दर्जा ठरल्याप्रमाणे आहे का, जहाज वेळेत आले का, यंत्राने ठरलेले काम केले का.

आणि नेमका हाच प्रश्न कधी निकालापर्यंत गेला नाही.

झाले ते असे. एप्रिल २००१ मध्ये कंपनीने पुन्हा लंडनच्या लवादाची नोटीस दिली. त्याच महिन्यात माधव गोडबोले समितीचा अहवाल आला आणि त्याने या करारावर व तो ज्या रीतीने झाला त्यावर कडक टीका केली. मे महिन्यात मंडळाने करार संपल्याचे कळवले आणि २९ मेपासून दाभोळची वीज बंद झाली. मधल्या काळात महाराष्ट्रात वीज नियामक आयोग स्थापन झाला होता. मंडळ आयोगाकडे गेले: नव्या कायद्याप्रमाणे असे वाद सोडवायचा अधिकार तुमचा आहे, लंडनचा नाही. आयोगाने कंपनीला लवाद पुढे नेण्यास मनाई केली. मग अधिकार कोणाचा, यावर उच्च न्यायालय, तिथून सर्वोच्च न्यायालय, तिथून पुन्हा उच्च न्यायालय. करार झाला तेव्हा जो आयोग अस्तित्वातच नव्हता, तो आता पंचांच्या दारात उभा. कंपनीच्या जागी मी असतो तर संतापलो असतो, हे कबूल करतो. पण ज्या विजेचे बिल अखेर आपल्या गावातल्या घराघरांतून वसूल व्हायचे, तिचा दर बंद दाराआड लंडनमध्ये ठरावा की मुंबईत उघड सुनावणीत, असे विचारले तर मी मुंबईच म्हणेन. लवाद खाजगी असतो, तो त्याचा गुण समजला जातो. दोन व्यापाऱ्यांत तो गुण आहेही. एका बाजूला राज्य असले की तोच दोष होतो.

२ डिसेंबर २००१ रोजी एन्रॉनने दिवाळे काढले आणि मूळ वादी नाहीसा झाला. पण जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल होत्या. एक दार बंद झाले म्हणून त्या दुसऱ्या दारांकडे वळल्या, आणि दारे किती होती! अमेरिकन सरकारच्या ज्या संस्थेकडे त्यांनी राजकीय जोखमीचा विमा उतरवला होता, तिने पैसे द्यायला कां-कूं केल्यावर तो वाद अमेरिकन लवाद संघटनेच्या पंचांपुढे गेला. सप्टेंबर २००३ मध्ये पंचांनी म्हटले की महाराष्ट्र, केंद्र, मंडळ, आयोग आणि न्यायालये या सर्वांच्या कृतींनी मिळून या कंपन्यांची गुंतवणूक हिरावली गेली. प्रत्येकीला सुमारे २ कोटी ८६ लाख डॉलर. हा निवाडा आपल्या राज्याच्या वागणुकीविषयी होता, पण त्या खोलीत महाराष्ट्र किंवा भारत पक्षकार नव्हताच! वाद विमेदार आणि विमा संस्था यांच्यातला. पुढे अमेरिकन सरकारनेही भारताविरुद्ध लवादाची मागणी केली.

तिसरे दार मॉरिशसचे. अमेरिका आणि भारत यांच्यात गुंतवणूक संरक्षणाचा तह नव्हता, पण भारत-मॉरिशस तह १९९८ मध्ये झालेला होता आणि या कंपन्यांची गुंतवणूक मॉरिशसमधल्या कंपन्यांमार्फत आलेली होती. मॉरिशसला आपले मराठी बांधव दीडशेहून अधिक वर्षांपासून आहेत. पण कोकणातल्या विजेचा वाद त्यांच्या बेटाचा परवाना काढून लढला जाईल, असे त्यांच्या पूर्वजांना स्वप्नातही वाटले नसेल. कर्ज देणाऱ्या युरोपीय बँकांनीही आपापल्या देशांच्या तहांचा आधार घेतला. शिवाय भागीदारी करारावरून पॅरिसच्या व्यापार मंडळाच्या नियमांखाली आणखी एक लवाद चालला, त्याचा निवाडा एप्रिल २००५ मध्ये परदेशी कंपन्यांच्या बाजूने झाला. एकाच कारखान्यावरून इतके पंच, इतक्या गावी. तेच साक्षीदार, तेच कागद, आणि एका पंचाचे मत दुसऱ्यावर बंधनकारक नाही. आमच्या धंद्यात एकच माहिती पाच ठिकाणी वेगवेगळी ठेवली तर त्या माणसाची कानउघाडणी होते.

शेवट पंचांनी केला नाही. २००५ मध्ये बोलणी होऊन बेक्टेलला १६ कोटी आणि जनरल इलेक्ट्रिकला साडेचौदा कोटी डॉलर मिळाले, सगळे दावे मागे घेतले गेले आणि कारखाना रत्नागिरी गॅस अँड पॉवर या नव्या सरकारी कंपनीकडे गेला. २००६ मध्ये तो पुन्हा सुरू झाला आणि पुढे वायू मिळेना म्हणून कित्येक महिने पुन्हा बंदही राहिला. वीजखरेदी करार न्याय्य होता का, मंडळाने तो मोडला की कंपनीने, यावर लंडनच्या पंचांचा अंतिम निवाडा आलाच नाही.

सरकारने यातून काय धडा घेतला म्हणाल, तर माझ्या मते अर्धवटच. २०१६ नंतर भारताने जुने गुंतवणूक तह मोठ्या संख्येने रद्द केले, मॉरिशसचाही. नव्या मसुद्यात परदेशी गुंतवणूकदाराने आधी पाच वर्षे भारतीय न्यायालयांत प्रयत्न करावा अशी अट आहे. २०१६ मध्येच मुंबईला आंतरराष्ट्रीय लवाद केंद्र सुरू झाले, लंडन-सिंगापूरला जाणारे तंटे घरी यावेत म्हणून. आणि जून २०२४ मध्ये केंद्रीय अर्थखात्याने सरकारी खरेदीच्या करारांसाठी सूचना काढली की लवादाचे कलम सहसा दहा कोटी रुपयांपेक्षा कमी रकमेच्या वादांपुरतेच ठेवावे. म्हणजे एका हाताने केंद्र उघडायचे आणि दुसऱ्या हाताने त्याचे गिऱ्हाईक परत पाठवायचे. मोठ्या रकमेच्या करारांत राजकारण असते हे खरे, पण त्यांतच २८ जानेवारीसारखे नेटके, मोजता येणारे प्रश्नही असतात. ते दिवाणी न्यायालयात टाकले तर रेणुसागरची एकोणतीस वर्षे आहेतच.

शेजाऱ्यांना मी हे सगळे सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे आम्ही जिंकलो नाही?" मी म्हटले, "पैसे मिळाले. जिंकला असं कोणी म्हटलं नाही."

मामांना सांगायला गेल्या डिसेंबरात गुहागरला गेलो. आता ऐंशी उलटली आहे. सोलकढी पीत पीत त्यांनी सारे ऐकून घेतले. लंडन, वॉशिंग्टन, मॉरिशस यांत त्यांना फारसा रस दिसला नाही. तीन तासांच्या गोष्टीवर मात्र ते सरसावून बसले.

"मग आला होता का संच वेळेत?"

"ते कोणी ठरवलंच नाही, मामा."

"असं कसं? शिफ्टचं लॉगबुक असतं. वेळ टाकून सही केल्याशिवाय पुढचा माणूस चार्ज घेत नाही." थोडे थांबून ते म्हणाले, "असेल रे कुठल्यातरी कपाटात. बघायला पाहिजे होतं कोणीतरी."